जन्ममहिना, बारा प्राणी आणि जुळणारी पत्रिका

१० फेब्रुवारी २०२६ या दिवशी रायपूरच्या एखाद्या रुग्णालयात एक मुलगी जन्मली असे समजावे. तिची चिनी रास कोणती? चांद्र नववर्षापासून वर्ष मोजणारे सांगतील, सर्प. कारण या खेपेस चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला लागले. चिनी पद्धतीने चार स्तंभांची पत्रिका मांडणारे सांगतील, अश्व. कारण ते वर्षारंभ चांद्र नववर्षापासून धरत नाहीत, सूर्याच्या ‘लिछुन’ या संक्रमणापासून, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या सुमारास धरतात. जपानी आजीही अश्वच म्हणेल. जपानने १८७३ साली पाश्चात्य दिनदर्शिका स्वीकारली आणि तेव्हापासून तेथे वर्षाचा प्राणी १ जानेवारीला बदलतो. मूल एक, जन्मवेळ एक, आकाशही एकच. प्राणी मात्र दोन.

हा केवळ गमतीचा प्रश्न राहिला असता, तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु २०२६ हे साधे अश्ववर्ष नव्हे. बारा प्राणी आणि पाच तत्त्वे यांच्या साठ वर्षांच्या चक्रात ‘अग्नि-अश्व’ हा योग साठ वर्षांनी एकदाच येतो. यापूर्वी तो १९०६ आणि १९६६ साली आला होता. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचे आयुष्य खाते, अशी जपानमधील जुनी समजूत आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही ही भाषा परकी वाटणार नाही. ‘मुलीला कडक मंगळ आहे’ या वाक्याचा अर्थ घरोघरी तोच घेतला जातो.

रायपूरची समता कॉलोनी आणि तिच्या शेजारची, महाराष्ट्र मंडळाची चौबे कॉलोनी या परिसरात मराठी कुटुंबांचा राबता जुना आहे. १९५६ पर्यंत या शहराची राजधानी नागपूर होती. त्याही आधी छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. साहजिकच येथल्या मराठी घरांत स्थळ पाहताना दोन परंपरा एकत्र नांदतात. पत्रिका मराठी पंचांगावरून मांडली जाते, शेजारी तिला कुंडली म्हणतात, आणि छत्तीस गुणांपैकी किती जुळले हा प्रश्न दोन्ही भाषांत सारखाच विचारला जातो. गेल्या काही वर्षांत त्यात तिसरी भर पडली आहे. वडीलधारी मंडळी गुण मोजत असताना उपवर मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर जन्मतारीख घालून चिनी राशींचा जोडा पाहते. कधी पाश्चात्य सूर्यराशींचाही. मुले हे गमतीने करतात हे खरे. पण उत्तर प्रतिकूल आले की गंमत मनात घर करून राहते, हेही खरे.

या तिन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर एक गोष्ट ताबडतोब ध्यानात येते. प्रत्येकीचे घड्याळ वेगळे आहे.

चिनी पद्धतीचा तासकाटा बारा वर्षांचा. गुरू ग्रहाला सूर्याभोवती फिरण्यास ११.८६ वर्षे लागतात, त्या कालावधीशी या चक्राचे नाते जुने आहे. जोडा जुळतो की नाही हे मुख्यतः वयांतील अंतरावर ठरते. चार किंवा आठ वर्षांचे अंतर उत्तम, सहा वर्षांचे अंतर वाईट. कारण बारा घरांच्या वर्तुळात सहा म्हणजे बरोबर समोरचे घर. उंदीर आणि ड्रॅगन यांचे सख्य, उंदीर आणि अश्व यांचे वैर, असे जे कोष्टक छापले जाते त्याचा गणिती गाभा एवढाच. मग जन्ममहिना कोठे येतो? दोन ठिकाणी. चार स्तंभांच्या पत्रिकेत वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर यांना प्रत्येकी एकेक प्राणी असतो. फेब्रुवारीचा वाघ, मार्चचा ससा, जूनचा अश्व, असा क्रम स्थूलमानाने चालतो. आणि दुसरे म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांचा वर्षप्राणीच महिन्यामुळे बदलतो. ऑगस्ट १९९६ मध्ये जन्मलेला मुलगा ‘उंदीर’. २० जानेवारी २००० रोजी जन्मलेली मुलगी ढोबळ कोष्टकात ‘ड्रॅगन’ ठरते आणि जोडा सर्वोत्तमांपैकी एक निघतो. पण २००० सालचे चिनी नववर्ष ५ फेब्रुवारीला लागले, त्यामुळे नियम नीट लावला तर ती मुलगी ‘ससा’. आणि उंदीर-ससा ही जोडी त्याच शास्त्रात बेबनावाची मानली आहे. दोन संकेतस्थळे परस्परविरुद्ध निकाल देतात आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने देतात.

पाश्चात्य सूर्यराशीत जन्ममहिना हेच सर्वस्व. येथे आणखी एक गुंता आहे. पाश्चात्य पद्धत राशी वसंतसंपातापासून मोजते, भारतीय निरयन पद्धत ताऱ्यांच्या संदर्भाने. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे या दोन आरंभबिंदूंमध्ये आता सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. मकरसंक्रांत २२ डिसेंबरऐवजी १४ जानेवारीला येते ती यामुळेच. एक रास ३० अंशांची. म्हणजे पाचांपैकी चार माणसांची सूर्यरास या दोन पद्धतींत वेगळी येते.

आपल्याकडील गुणमेलनात मात्र जन्ममहिन्याला काडीचेही स्थान नाही. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी या आठ कूटांना अनुक्रमे एक ते आठ गुण. त्यांची बेरीज छत्तीस. हे सारे चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून ठरते. चंद्र सत्तावीसही नक्षत्रे सुमारे सत्तावीस दिवसांत ओलांडतो, त्यामुळे मुलगी चैत्रात जन्मली की पौषात, गुणांवर त्याचा परिणाम होत नाही. योनिकूटात प्राणी येथेही आहेत, अश्व, गज, सर्प, मार्जार, मूषक असे चौदा. पण येथे अश्व ठरतो तो जन्मनक्षत्रावरून, म्हणजे व्यवहारात जन्मदिवसावरून, आणि तेथे जन्मवर्षावरून. ज्याला चिनी कोष्टकाने अश्व म्हटले त्याला मराठी पंचांग मूषक म्हणू शकते. जन्ममहिन्यावर जोडप्याचे सुख खरोखर अवलंबून असेल, तर छत्तीस गुणांचा तक्ता मुळातच अपुरा. तसे नसेल, तर सूर्यराशींचे प्रेमजोडे निराधार. एकाच मोबाइलवर दोन्ही पाहणाऱ्याने हा पेच कधीतरी सोडवायला हवा.

अर्थात पद्धती एकमेकींशी भांडतात एवढ्यावरून सगळ्याच चूक ठरत नाहीत. एखादी बरोबर असू शकेल. ग्रहांचे बळ इतक्या दूर पोहोचेल कसे, हा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आवडता आक्षेपही निर्णायक नाही. १९७५ साली १८६ शास्त्रज्ञांनी फलज्योतिषाविरुद्ध निवेदन काढले, तेव्हा कार्ल सेगन यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. कार्यकारणाची यंत्रणा ठाऊक नाही म्हणून दावा खोटा, हा युक्तिवाद त्यांना पटला नाही; भूखंडे सरकतात हे म्हणणेही एके काळी याच कारणाने हसण्यावारी नेले गेले होते. सेगन यांचे म्हणणे योग्यच होते. यंत्रणेचा वाद बाजूला ठेवून थेट मोजणी करावी, हा अधिक सरळ मार्ग.

आणि अशी मोजणी झालेली आहे. मँचेस्टर विद्यापीठातील डेव्हिड व्होआस यांनी २००१ सालच्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेतील एक कोटीहून अधिक विवाहित जोडप्यांच्या जन्मतारखा तपासल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. बारा राशींच्या १४४ जोड्या होतात. एक कोटी जोडपी त्यांत वाटली तर प्रत्येक जोडीच्या वाट्याला सुमारे ६९,००० येतात, आणि केवळ योगायोगाने होणारी चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २६० च्या आसपास. एखाद्या राशीजोडीचे आकर्षण अवघे एक टक्का जास्त असते, तरी सातशे जोडपी अधिक दिसली असती. इतक्या मोठ्या नमुन्यात ते लपून राहणे अवघड होते. असे कोणतेही आकर्षण आढळले नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी १९६७-६८ मधील २,९७८ विवाह आणि ४७८ घटस्फोट तपासले होते; अनुकूल राशींची माणसे एकमेकांशी अधिक लग्न करतात किंवा कमी विभक्त होतात, असे त्यांनाही दिसले नाही.

व्होआस यांच्या आकड्यांत एक विसंगती मात्र होती आणि विद्यार्थ्यांनी थांबावे ते तिच्यापाशी. एकाच राशीची जोडपी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त निघाली. ज्योतिषप्रेमींना येथे आनंद झाला असता. शोध घेतल्यावर कारण कळले ते असे की जनगणनेचा अर्ज भरणारी व्यक्ती कधी कधी चुकून जोडीदारापुढेही स्वतःचीच तारीख लिहून बसते. तारकांचा म्हणून जो परिणाम दिसला, तो पेनाचा होता.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. आजोबांच्या पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. शाळा जूनमध्ये उघडत, घरच्यांना तारीख आठवत नसे, आणि गुरुजी वय अदमासाने धरून १ जून लिहून मोकळे होत. हिंदी पट्ट्यात हेच काम १ जुलै या तारखेने केले. त्या पिढीतील सुखी संसारांची सरकारी कागदांवरून कोणी पाहणी केली, तर ‘मिथुन-मिथुन’ हा जोडा महाराष्ट्रात विलक्षण लाभदायी आहे असे सिद्ध होईल! श्रेय मात्र सूर्याला देता येणार नाही, हेडमास्तरांना द्यावे लागेल.

भारतीय पत्रिकेची चाचणी पुण्यात झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली ती जाहीर केली. घाटपांडे स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले. पत्रिका मांडण्याचे काम त्यांचे. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या गेल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस पत्रिका द्यायच्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच त्याने सांगायचे. अठ्ठावीस बरोबर आल्यास यश मानायचे ठरले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. सर्वोत्तम ठरलेल्या ज्योतिषाची चाळीसपैकी चोवीस उत्तरे बरोबर. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे पत्रिका पाहिल्या आणि १०२ ठिकाणी अचूक उत्तर दिले. हा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या चोवीसचे मूल्य किती? सत्तावीस माणसांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले, तर चोवीस किंवा त्याहून अधिक छापे पडणारी तीन-चार माणसे सहज निघतात. चाचणीत निघाला एकच. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. परंतु त्यांची ही छोटी, स्वस्त, कोणत्याही महाविद्यालयाला पुन्हा करता येईल अशी चाचणी अजून उभी आहे. विवाहाच्या बाबतीत ती करायची झाल्यास एका सापळ्याची जाणीव हवी. ठरवून केलेल्या लग्नांत अठरापेक्षा कमी गुणांचे जोडे आधीच गाळले जातात. म्हणून तुलना पत्रिका न पाहता झालेल्या लग्नांतच करावी लागेल, आणि पत्रिका लग्नानंतर तिऱ्हाइताकडून मांडून घ्यावी लागेल.

मंगळाचे गणित तर चाचणीवाचूनही करता येते. प्रचलित नियमानुसार मंगळ लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की दोष धरतात. बारापैकी पाच स्थाने. लग्नरास सुमारे दर दोन तासांनी बदलते. म्हणजे कोणत्याही दिवशी चोवीस तासांपैकी साधारण दहा तासांत जन्मलेली सर्व मुले मंगळाची. हे प्रमाण ४२ टक्के झाले. चंद्रकुंडलीवरूनही दोष पाहण्याचा आग्रह धरला, तर ते ६६ टक्क्यांवर जाते. तीनपैकी दोन माणसांना वैधव्याचे किंवा विधुरत्वाचे भय दाखवणाऱ्या नियमाला परिहारांची लांबलचक यादी जोडावी लागते, यात नवल नाही. त्या यादीवाचून लग्नेच होईनात. प्रश्न असा की परिहार शोधण्याचा खटाटोप कोणासाठी होतो. मुलाच्या मंगळासाठी तो सहज होतो. मुलीच्या मंगळासाठी आधी चार स्थळे मोडावी लागतात.

या अन्यायाची मोजमाप करता येईल अशी नोंद जपानने मागे ठेवली आहे. अग्नि-अश्वाची समजूत तेथे ओइची नव्हे, ओशिची नावाच्या भाजीवाल्याच्या मुलीच्या कथेने पसरली. प्रियकराला पुन्हा भेटता यावे म्हणून तिने एदो शहरात आग लावली आणि १६८३ साली तिला देहदंड झाला. ती १६६६ ची, अग्नि-अश्वाची, असे मानले गेले आणि रंगभूमीने ते घरोघरी पोहोचवले. १९०६ साली जन्मलेल्या मुलींना लग्नाच्या वयात याचा त्रास भोगावा लागला. मग १९६६ उजाडले. १९६५ मध्ये जपानात १८ लाख २३ हजार मुले जन्मली होती. १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार. १९६७ मध्ये पुन्हा १९ लाख ३५ हजार. एका वर्षात चतुर्थांश घट. ना युद्ध, ना दुष्काळ, ना साथ. वर्षाच्या दोन्ही टोकांना मुलींच्या जन्मतारखा मागेपुढे सरकवून नोंदल्या गेल्या. त्या वर्षी अपघात आणि हिंसा या कारणांखाली नोंदलेले नवजात मुलींचे मृत्यू वाढले, असेही एका संशोधनात आढळले. जन्मवर्षाचा आयुष्यावर परिणाम होत नाही, असे म्हणणाऱ्याने हे आकडे विसरू नयेत. परिणाम झाला, तो घडवला माणसांनी.

सिंगापुरात याची उलट बाजू दिसते. तेथे ड्रॅगनचे वर्ष शुभ, म्हणून १९८८ मध्ये जन्मदर एकदम उसळला. ती मुले पुढे अधिक गर्दीच्या वर्गात बसली. शुभ वर्षाचा पहिला हिशेब त्यांना शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत चुकवावा लागला.

समता कॉलोनीकडे परतताना आणखी एक युक्तिवाद वाटेत भेटतो, आणि तो सुशिक्षितांचा आहे. नाडीकूट म्हणजे आपल्या पूर्वजांनी ओळखलेले रक्तगटशास्त्र, म्हणून एक नाडीची लग्ने टाळावीत, असे सांगितले जाते. नाड्या तीन, प्रत्येकीत नऊ नक्षत्रे, म्हणून कोणत्याही दोन माणसांची नाडी एक असण्याची शक्यता एक तृतीयांश. छत्तीसपैकी आठ गुण येथे एका फटक्यात जातात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. तेव्हा रायपूरच्या मेकाहारा रुग्णालयात एका दिवसात जन्मलेल्या सगळ्या बाळांची नाडी एक, फार तर दोन. रक्तगट त्यांच्या आईवडिलांवरून ठरतात आणि त्याच वॉर्डात अ, ब, अब, ओ सगळे सापडतात. हे पडताळण्यास एक नोंदवही आणि एक पंचांग पुरे.

रक्ताचाच विचार करायचा असेल, तर छत्तीसगडात तो करण्यास खरे कारण आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक या राज्यात आणि लगतच्या विदर्भात मोठ्या संख्येने आहेत. त्यासाठी रायपुरात स्वतंत्र सिकलसेल संस्था आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. वाहक व्यक्ती आजारी नसते. पुष्कळदा तिला स्वतःलाही पत्ता नसतो. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले तर मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. या दाव्याला मागेपुढे सरकणारा वर्षारंभ नाही, परिहारांची यादी नाही, आणि तो स्त्री-पुरुषांना सारखाच लागू आहे.

तरीही येथे सावध राहायला हवे. चाचणीचे कार्ड हाती आले की ‘मुलीला सिकल आहे’ हे वाक्य ‘मुलीला मंगळ आहे’ या जुन्या साच्यात अलगद जाऊन बसते. वाहक मुलीला नकार आणि वाहक मुलाची चौकशीच नाही, असे घडले तर विज्ञानाचा शिक्का असलेली नवी पत्रिका तयार होईल. दोन वाहकांनी लग्न करूच नये, असाही वैद्यकाचा हुकूम नाही. गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते आणि निर्णय त्या दोघांचा असतो. माहिती लग्नापूर्वी दोघांच्याही हाती असावी, इतकेच.

प्राथमिक तपासणीला बोटातून काढलेले रक्ताचे थेंब लागतात. संशय आल्यास पक्की चाचणी पुढे करतात. स्थळांच्या बायोडेटात जन्मवेळ मिनिटापर्यंत लिहिण्याची जागा असते, गण आणि नाडीचे रकाने असतात, मंगळाचाही असतो. सिकलसेल तपासणीचा रकाना समता कॉलोनीतल्या कोणत्याही घराने स्वतःहून घातला, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही. तो मुलाच्या बायोडेटात आधी घालावा.